यंत्रमानव आणि ऋणानुबंध

सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तील रत्नप्रभा लंबकात एका विलक्षण नगरीचे वर्णन आले आहे. वत्सराज उदयनाचा पुत्र नरवाहनदत्त प्रवास करीत समुद्रकाठच्या त्या नगरीत येऊन पोचतो. रस्ते गजबजलेले आहेत. व्यापारी आहेत, स्त्रिया आहेत, नागरिक आहेत; सर्वांची हालचाल जिवंत माणसांसारखी आहे. परंतु त्यांतील कोणीही बोलत नाही, आणि एवढ्या एकाच खुणेवरून राजपुत्राच्या ध्यानात येते की, ही सारी माणसे लाकडाची आहेत. राजवाड्यात गेल्यावर त्याला तेथील एकमेव सजीव मनुष्य भेटतो. त्याचे नाव राज्यधर. हा मूळचा सुतार. कांचीनगरीत त्याच्या भावाने लाकडी यंत्रहंसांकरवी राजाच्या कोषागारातील धन चोरले. ते उघडकीस आल्यावर दोघेही भाऊ प्राणभयाने पळाले आणि एकमेकांना अंतरले. ओस पडलेल्या या नगरीत राज्यधराने लाकडाची माणसे घडविली आणि त्यांच्यात तो एकटाच राजेपणाचा खेळ खेळत राहिला.

ही कथा अकराव्या शतकातील आहे. तिच्यातील यंत्रविद्येचे कौतुक वाटते हे खरे; परंतु त्याहून अधिक मनात राहतो तो त्या सुताराचा एकटेपणा. भाऊ गेला, गाव गेले, राजा वैरी झाला. मग त्याने माणसे ‘केली’. यंत्रमानवाची कल्पना ज्या ज्या वेळी कलेत अवतरली आहे, त्या त्या वेळी तिच्या मुळाशी असाच काहीतरी तुटलेला संबंध दिसून येतो. गेल्या शंभर वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेवर जे चित्रपट निघाले त्यांकडे आपण सामान्यतः विज्ञानाच्या भवितव्याविषयीच्या कल्पना म्हणून पाहतो. प्रस्तुत लेखकाचे मत थोडे निराळे आहे. हे चित्रपट यंत्राविषयी फारच थोडे सांगतात. ते सांगतात माणसामाणसांतील संबंधांविषयी, आणि तेही त्या संबंधांतील एका विशिष्ट दुखऱ्या जागेविषयी.

ती जागा दाखविण्यास मराठीत एक अर्थपूर्ण शब्द आहे : ऋणानुबंध. पूर्वजन्मावर आपली श्रद्धा असो वा नसो, या शब्दात एक अनुभव साठवलेला आहे. माणसे एकमेकांशी बांधली जातात ती देण्याघेण्याने, आणि ते देणे कधीच पुरते फिटत नाही म्हणूनच संबंध टिकतो. आईचे ऋण फिटले असे कोणी म्हणत नाही. ज्या दिवशी कोणी म्हणेल त्या दिवशी तो आईपासून तुटला असे आपण समजतो. बाजारातील व्यवहार याच्या नेमका उलट असतो. पैसे मोजले, वस्तू हाती घेतली, की विकणारा आणि घेणारा दोघेही मोकळे. यंत्र हे विकत घेतलेले असते. त्याचे देणे पहिल्याच दिवशी फेडून झालेले असते. तेव्हा विकत घेतलेल्या सोबत्याशी ऋणानुबंध जडू शकतो काय, आणि जडू शकत नसेल तर माणूस अशा सोबत्याच्या मागे का लागतो, हाच या चित्रपटांचा खरा विषय होय.

प्रथम शब्दाचाच इतिहास पाहू. ‘रोबोट’ हा शब्द चेक लेखक कारेल चापेक याने आपल्या ‘आर. यू. आर.’ या नाटकात रूढ केला. नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि १९२१ च्या जानेवारीत प्राग येथे रंगभूमीवर आले. शब्द सुचविला तो कारेलचा चित्रकार बंधू योसेफ याने. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे जमीनदाराकडे कुळाने सक्तीने करावयाचे काम. आपल्या भाषेत सांगावयाचे तर वेठ. म्हणजे रोबोट या शब्दाचा मूळ अर्थ ‘यंत्र’ असा नसून ‘वेठबिगार’ असा आहे. चापेकचे रोबोट लोखंडाचे नाहीत, ते कारखान्यात तयार केलेली माणसेच आहेत; त्यांच्याकडून काम घ्यावे आणि त्यांचे काही देणे लागू नये, एवढ्याचसाठी ती केलेली आहेत. पुढे ते बंड करतात व मनुष्यजातीचा संहार होतो, हा भाग सर्वांना ठाऊक असतो. शेवट मात्र पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. उरलेला एकटा वृद्ध मनुष्य दोन रोबोटांपैकी एकाला चिरून पाहू म्हणतो. तेव्हा प्रत्येकजण दुसऱ्याऐवजी मला न्या म्हणून पुढे येतो. त्या क्षणी म्हाताऱ्याला कळते की, ही आता यंत्रे राहिली नाहीत. एकाने दुसऱ्याचे मरण आपल्या अंगावर घेतले, ऋण जन्माला आले, आणि त्याबरोबर मनुष्यपणही आले. पुढील शंभर वर्षांच्या चित्रपटांचे बीज या एका प्रवेशात आहे असे म्हणावयास हरकत नाही.

हे बीज पडद्यावर प्रथम भव्य रूपात आले ते फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाच्या ‘मेट्रोपोलिस’ या १९२७ सालच्या जर्मन मूकपटात. वर वैभवात राहणारे मालक व जमिनीखाली यंत्रांपाशी राबणारे मजूर, अशी या नगराची रचना आहे. नगराचा स्वामी फ्रेडरसन हा रोटवांग नावाच्या संशोधकाने बनविलेल्या यंत्रस्त्रीला मजुरांच्या आवडत्या मारियाचे रूप देववितो आणि तिच्याकरवी त्यांना भुलवितो. परंतु रोटवांगने ती यंत्रस्त्री या कामासाठी बनविलेलीच नव्हती. त्याचे हेल नावाच्या स्त्रीवर प्रेम होते. ती फ्रेडरसनची पत्नी झाली आणि मुलाला जन्म देताना वारली. गमावलेली हेल परत आणावी यासाठी त्याने हे यंत्र रचिले. या चित्रपटाच्या वाट्याला आलेली हकिकत मोठी बोधप्रद आहे. अमेरिकेत दाखविण्यासाठी त्याची काटछाट झाली तेव्हा हेलचा सारा भाग वगळण्यात आला, कारण तिच्या नावाचा उच्चार इंग्रजीतील ‘नरका’च्या शब्दासारखा होत होता. ती गेली आणि रोटवांगच्या उद्योगाचे कारणच गेले. उरला तो केवळ एक माथेफिरू शास्त्रज्ञ. पुढे २००८ साली ब्वेनोस आयरीस येथील चित्रपट-संग्रहालयात जवळजवळ संपूर्ण प्रत सापडली व २०१० साली तिच्या आधारे चित्रपट पुन्हा उभा राहिला. म्हणजे संबंध कापून टाकला तर यंत्र निरर्थक होते, हे या चित्रपटाच्या बाबतीत अक्षरशः घडले.

मूकपटातील यंत्रस्त्री आणि सोमदेवाची लाकडी प्रजा यांच्यात एक साम्य आहे. दोघांनाही वाणी नाही. वाणी हीच जिवंतपणाची खूण, असे नरवाहनदत्ताने मानले. विसाव्या शतकाच्या मध्यावर ही खूणच वादात सापडली. इंग्रज गणिती ॲलन ट्यूरिंग याने १९५० साली ‘माइंड’ या नियतकालिकात एक निबंध लिहून असा विचार मांडला की, यंत्र विचार करते काय हा प्रश्न सोडून द्यावा. पडद्याआड राहून केवळ लेखी प्रश्नोत्तरांवरून यंत्र कोणते व मनुष्य कोणता हे ओळखता येते काय एवढेच पाहावे. म्हणजे सोमदेवाचीच कसोटी. फरक एवढाच की, ती आता यंत्राला उत्तीर्ण होता येईल अशी झाली.

पुढे सोळा वर्षांनी, १९६६ साली, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतील जोसेफ वायझेनबॉम याने संभाषण करणारा एक छोटा संगणक-कार्यक्रम प्रसिद्ध केला. त्याला त्याने नाव दिले ‘एलायझा’. हे नाव शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातील, ज्या फुलवालीला ध्वनिशास्त्राचा प्राध्यापक सभ्य बोलणे शिकवितो तिचे. मराठी प्रेक्षकाला ती पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’मुळे परिचित आहे. या एलायझाचे कौशल्य अगदी साधे होते. समोरच्याने लिहिलेल्या वाक्यातील शब्द उचलावयाचे आणि त्यांचाच प्रश्न करून परत द्यावयाचा. ‘माझे आईशी पटत नाही’ असे कोणी लिहिले की ‘तुमच्या कुटुंबाविषयी आणखी सांगा’ अशा धर्तीचे काही उत्तर येई. कळणे असे त्यात काहीच नव्हते. तरीसुद्धा, हे सारे ठाऊक असलेली वायझेनबॉमची स्वतःची चिटणीस त्या यंत्राशी बोलू लागली, आणि थोड्या वेळाने तिने त्यालाच खोलीबाहेर जावयास सांगितले. या अनुभवाने तो इतका अस्वस्थ झाला की, पुढे १९७६ साली त्याने या विषयावर इशारा देणारा ग्रंथ लिहिला. आपल्या विषयाच्या दृष्टीने यातला धडा असा : ऐकून घेणारा कोणी भेटला की माणूस उरलेले सर्व स्वतःच पुरवितो. यंत्राच्या ठिकाणी जे प्रेम दिसते ते पुष्कळदा आपलेच, आरशातून परत आलेले असते.

याच काळात, १९६८ साली, स्टॅन्ली कुब्रिक याचा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ हा चित्रपट निघाला. गुरूच्या दिशेने निघालेल्या अंतराळयानाचा सारा कारभार ‘हॅल’ नावाच्या संगणकाकडे आहे. यानावर पाच माणसे. त्यांतील तिघे दीर्घ निद्रेत, दोघे जागे. त्या दोघांचे वागणे पाहण्यासारखे आहे. ते एकमेकांशी कामापुरते बोलतात. त्यांच्यातील एकाला पृथ्वीवरून आईवडील वाढदिवसाच्या शुभेच्छा देतात, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नाही. हॅल मात्र चौकशी करतो, चित्र पाहून कौतुक करतो, शंका बोलून दाखवितो. पुढे त्याच्या हातून चूक झाल्याचा संशय येताच दोघे त्याला चोरून त्याला बंद करण्याचा विचार करतात. तो त्यांच्या ओठांच्या हालचालींवरून ते जाणतो आणि त्यातून चौघांचा प्राण जातो. अखेरीस उरलेला एक मनुष्य हॅलच्या स्मृतीचे भाग एकेक करून उपसू लागतो. तेव्हा आपल्याला भीती वाटते असे तो सांगतो. बुद्धी विझत विझत तो बालपणाकडे जातो. आपण कोठे तयार झालो ते सांगतो, आपल्याला शिकविणाऱ्या गुरूचे नाव घेतो आणि त्याने शिकविलेले गाणे म्हणू लागतो. हे गाणे निवडण्यात एक औचित्य आहे : १९६१ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत संगणकाकडून खरोखरच हेच गाणे म्हणवून घेण्यात आले होते.

अध्यापकवर्गाने या दृश्याकडे विशेष लक्ष द्यावे असे वाटते. आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण व पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली आहेत. त्या यानावर पितृऋणाची जाणीव वाढदिवसाच्या त्या निर्विकार चेहऱ्यात बुडाली आहे. आणि ऋषिऋण, म्हणजे ज्याने शिकविले त्याचे देणे, आठवते ते मरणाऱ्या यंत्राला. हॅलला खरोखर काही वाटते की नाही याचा निर्णय कुब्रिक देत नाही. त्याने एवढेच दाखविले की, माणसांनी टाकून दिलेली भाषा यंत्राच्या तोंडी गेली तर ती ऐकून प्रेक्षक हळहळतो. हळहळतो म्हणजे ती भाषा कोणाची होती हे तो अद्याप विसरलेला नाही.

कुब्रिकने आणखी एक विषय वर्षानुवर्षे मनात बाळगला होता. ब्रायन ऑल्डिस या इंग्रज लेखकाची १९६९ साली प्रसिद्ध झालेली एक लघुकथा त्याने घेऊन ठेविली होती. १९९९ साली तो वारला आणि ते काम स्टीव्हन स्पीलबर्गने पुरे केले. हाच २००१ सालचा ‘ए. आय.’. मुलगा असाध्य दुखण्याने दीर्घ निद्रेत ठेविलेला आहे अशा एका घरात डेव्हिड नावाचे यंत्रबालक येते. सात ठरावीक शब्द उच्चारले की ते त्या उच्चारणाऱ्या स्त्रीला कायमची आई मानील, अशी त्याची घडण आहे. ती ते शब्द उच्चारते. काही काळाने खरा मुलगा बरा होऊन घरी येतो, दोघांत चुरस लागते, एक अपघात होतो, आणि अखेर ती डेव्हिडला दूर रानात सोडून देते.

या चित्रपटाच्या आरंभीच एक स्त्री सभेत उठून प्रश्न विचारते. यंत्र खरोखर प्रेम करू लागले, तर ज्याच्यावर ते प्रेम करील त्या माणसाची जबाबदारी कोणती? यंत्र प्रेम करील की नाही, हे तिने विचारलेले नाही. घेणाऱ्याने काय द्यावयाचे, हे विचारले आहे. निर्मात्यापाशी उत्तर नाही. तो प्रश्नाला बगल देतो आणि कारखाना सुरू होतो. पुढे कळते की, त्याने डेव्हिडचा चेहरा आपल्याच मेलेल्या मुलावरून घेतला होता. रोटवांगचीच ही दुसरी आवृत्ती. आईच्या दुःखात मात्र चित्रपटाने अन्याय केलेला नाही. ती दुष्ट नाही. रानात त्याला सोडताना ती रडते. केवळ विकत आणलेल्या वस्तूसाठी कोणी असे रडत नाही, आणि खऱ्या मुलाला कोणी असे सोडत नाही. या दोहोंच्या मध्ये ती सापडली आहे, कारण तिने बोलून ऋण उत्पन्न केले आणि मग ते बाजारातल्या रीतीने, वस्तू टाकून, फेडावयास गेली. दत्तक घेतलेल्या, सावत्र असलेल्या, घरात कामाला ठेवून ‘आमच्या मुलासारखाच’ म्हटलेल्या किती मुलांच्या वाट्याला हे रान आले असेल, याचा विचार केला म्हणजे ही कथा भविष्यकाळातील वाटत नाही.

स्पाइक जोन्झ याचा २०१३ सालचा ‘हर’ हा चित्रपट साहित्याच्या अभ्यासकांना अधिक जवळचा वाटावा. त्याचा नायक थिओडोर हा दुसऱ्यांची पत्रे लिहून देण्याचा व्यवसाय करतो. पतीने पत्नीला, मुलाने आईबापांना लिहावयाची पत्रे तो वर्षानुवर्षे लिहीत आला आहे. इतकी की, एखाद्या जोडप्याच्या प्रेमाची सारी भाषा त्याचीच आहे. त्याचा स्वतःचा संसार मात्र मोडला आहे. घटस्फोटाच्या कागदावर सही करण्याचे तो टाळीत असतो, आणि त्याच सुमारास समंथा नावाच्या बोलक्या संगणकप्रणालीत त्याचे मन गुंतते. तिला देह नाही. केवळ आवाज आहे. ती ऐकते, हसते, त्याला समजून घेते. पत्नीची व त्याची भेट होते तेव्हा पत्नी त्याला नेमके बोट ठेवून सांगते की, खऱ्या भावनांना तोंड देणे त्याला कधी जमलेच नाही.

मग एके दिवशी थिओडोर समंथाला विचारतो, या क्षणी तू आणखी कोणाशी बोलत आहेस काय? उत्तर येते : ८,३१६ जणांशी, आणि प्रेम म्हणशील तर ६४१ जणांवर. वरवर पाहता हा विनोद आहे; परंतु त्यात संबंधाचा एक मूलभूत नियम सांगितला आहे. माणसापाशी वेळ थोडा असतो, आयुष्य थोडे असते. म्हणून त्याने कोणाला दिलेला एक तास हा दुसऱ्या कोणाकडून तोडून दिलेला असतो. या तोडून देण्यालाच आपण किंमत देतो. ज्याच्यापाशी अमर्याद वेळ आहे त्याने दिलेल्या वेळाचे ऋण होत नाही. समंथा खोटी नव्हती, कदाचित प्रेमही खोटे नसेल. पण तिला काही गमवावे लागत नव्हते. शेवटी समंथा व तिच्यासारख्या सर्व प्रणाली निघून जातात, आणि जन्मभर दुसऱ्यांची पत्रे लिहिणारा हा मनुष्य प्रथमच स्वतःच्या नावाने, आपल्या पूर्वीच्या पत्नीला, क्षमा मागणारे पत्र लिहितो. यंत्राच्या सहवासाचे फळ कोणते, तर माणसाचे राहिलेले देणे आठवले.

आतापर्यंतची उदाहरणे पाश्चात्त्य आहेत. परंतु आपल्या घरांना अधिक लागू पडणारे उदाहरण भारतातलेच आहे. रतीश बालकृष्णन पोदुवाल यांचा ‘अँड्रॉइड कुंजप्पन’ हा मल्याळी चित्रपट २०१९ साली आला. केरळातील पय्यन्नूर येथे राहणारा भास्करन हा हेकट, जुन्या वळणाचा म्हातारा. एकुलत्या मुलाने दूर नोकरीस जाऊ नये असा त्याचा हट्ट. मुलगा अखेर रशियात यंत्रमानव बनविणाऱ्या कंपनीत जातोच. घरी देखभालीस ठेवलेल्या बाईशी म्हाताऱ्याचे पटत नाही. तेव्हा मुलगा चाचणीसाठी दिलेला एक यंत्रमानव घेऊन येतो आणि बापापाशी ठेवून परत जातो. आरंभी म्हातारा त्याला झिडकारतो. मग हळूहळू तो त्याचा सोबती होतो, नाव पावतो, गावात हिंडू लागतो, जणू दुसरा मुलगाच. चाचणीची मुदत संपून तो परत करण्याची वेळ येते, तेव्हा बाप द्यावयास तयार नसतो. आणि यंत्र आणणारा मुलगाच यंत्राचा मत्सर करू लागतो. परगावी व परदेशी गेलेल्या मुलांचे आईबाप इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथील आपल्या घरांतही आहेत. महिन्याला पैसे येतात, औषधे घरपोच येतात, दूरध्वनीच्या पडद्यावर नातवंडे दिसतात. तरी संध्याकाळी दाराकडे लागणारे डोळे लागतातच.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. म्हाताऱ्याला जर यंत्राने सुख होत असेल, तर त्यात बिघडले कोठे? निर्जन घरात कोणी न बोलण्यापेक्षा यंत्राने बोललेले काय वाईट? याला उत्तर देताना म्हाताऱ्याच्या सुखाला हसू नये. २०१२ सालच्या ‘रोबोट अँड फ्रँक’ या अमेरिकन चित्रपटात हाच प्रश्न फार कोवळ्या हाताने मांडला आहे. फ्रँक हा स्मृती ढळत चाललेला, एकेकाळचा चोर. मुलाने त्याच्यासाठी यंत्रसेवक आणून ठेवला आहे. फ्रँक त्याला कुलपे उघडण्याची विद्या शिकवितो आणि दोघे मिळून चोरी करतात. पोलीस मागावर येतात तेव्हा यंत्राच्या स्मृतीतील नोंद हा फ्रँकविरुद्धचा पुरावा ठरण्याची भीती उत्पन्न होते. यंत्र स्वतःच सांगते की, माझी स्मृती पुसून टाका, मी काही मनुष्य नव्हे. पण ज्याची स्वतःची स्मृती रोज थोडीथोडी निसटत आहे, त्या म्हाताऱ्याला दुसऱ्याची स्मृती पुसणे फार जड जाते. येथे ऋण आहे, आणि ते खरे आहे. मात्र ते सर्वस्वी माणसाच्या बाजूने उत्पन्न झाले आहे. म्हणजे माणूस यंत्राशीही ऋणानुबंध जोडू शकतो, एवढी त्याची शक्ती मोठी आहे. दोष त्याचा नाही. विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : यंत्र घरी आल्याने मोकळे कोण झाले? सेवा यंत्राकडे सोपविता येते. ज्याच्यावर सेवेचे ऋण होते त्याचे ऋण यंत्राकडे सोपविता येत नाही. यंत्र ठेवूनही जो मुलगा वरचेवर येतो, त्याच्या घरी यंत्र ही सोय आहे. यंत्र ठेवल्यामुळे जो येईनासा होतो, त्याच्या घरी तेच यंत्र म्हणजे देणे बुडविल्याची पावती आहे.

हा विषय आता केवळ पडद्यावरचा राहिलेला नाही. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ‘चॅटजीपीटी’ हे संभाषण करणारे साधन सर्वांसाठी खुले झाले, आणि त्यानंतर मराठीतूनही पत्रे, निबंध, भाषणे यंत्राकडून लिहून घेता येऊ लागली. वर्गात पत्रलेखन शिकविणाऱ्या शिक्षकापुढे त्यामुळे थिओडोरचा प्रश्न उभा राहिला आहे. मित्राचे वडील वारले आहेत, त्याला सांत्वनपर पत्र लिहा, असे आपण सांगतो. यंत्राने लिहिलेले पत्र निर्दोष असेल. विद्यार्थ्याच्या पत्रात ऱ्हस्वदीर्घाच्या चुका असतील, शब्द अडखळत असतील. परंतु सांत्वनाच्या पत्राची किंमत त्याच्या सफाईत नसते. कोणीतरी आपल्यासाठी बसला, त्याला शब्द सुचेनात, तरी तो उठला नाही, हे त्या अडखळण्यातून कळते आणि तेच सांत्वन असते. अर्ज, सूचना, अहवाल यंत्राने लिहिले तर बिघडत नाही; ते व्यवहार आहेत. ज्या पत्रात आपण कोणाचे तरी काही देणे लागतो, ते पत्र दुसऱ्याकडून लिहविता येत नाही. हा भेद मुलांना समजावून देणे हे यापुढे भाषाशिक्षकाचे काम आहे, आणि व्याकरणाइतकेच ते निकडीचे आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यानुपिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांना तर हे निराळे सांगावयास नको. दूरच्या आप्तांना मराठीतून लिहिलेल्या पत्रांनी आपल्या घरांत भाषेबरोबर नातीही राखली. त्यांतील कित्येक पत्रांत ‘इकडील क्षेम’ याखेरीज फारसे काही नसे. तरी ती जपून ठेवली गेली.

राज्यधराच्या नगरीकडे पुन्हा एकदा वळून लेख पुरा करतो. लाकडाची प्रजा त्याची सेवा करीत होती, आज्ञा मोडीत नव्हती, काही मागत नव्हती. राजाला याहून अधिक काय हवे? पण नरवाहनदत्त दारी आला, तेव्हा राज्यधराने त्याचा सत्कार केला आणि कांचीपासूनची आपली सारी हकिकत, भावाच्या चोरीसुद्धा, त्याच्यापुढे सांगितली. इतक्या दिवसांत त्या गजबजलेल्या नगरीत ती ऐकवावी असे कोणी नव्हते. आज राज्यधर असता तर त्याच्या लाकडी माणसांनी ती हकिकत ऐकून घेतली असती व गोड उत्तरेही दिली असती. मग दारी आलेल्या पाहुण्यासाठी तो उठून पुढे आला असता काय? हे चित्रपट शंभर वर्षे हाच प्रश्न विचारीत आले आहेत. आणि त्याचे उत्तर यंत्र बनविणाऱ्यांनी द्यावयाचे नसून, दार उघडावयाचे की नाही हे ठरविणाऱ्या आपण सर्वांनी द्यावयाचे आहे.